मोटारीच्या जीर्ण डॅशबोर्डाची घरच्या घरी दुरुस्ती

मोटारीच्या दारावर एखादा ओरखडा उमटला, तर तिचा मालक त्याच दिवशी रंगाऱ्याची वाट धरतो. परंतु आसनावर बसल्यापासून उतरेपर्यंत जो भाग त्याच्या डोळ्यांसमोर अखंड असतो, तो डॅशबोर्ड वर्षानुवर्षे उन्हाने विटत, तडकत आणि ठिकठिकाणी चिकट होत असताना, ‘गाडीच जुनी झाली, त्याला आता काय इलाज’ असे म्हणून तोच मालक त्याच्याकडे खुशाल दुर्लक्ष करतो. हे दुर्लक्ष अनाठायी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबॅसडर, किंवा १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आलेली आणि २०१४ साली जिचे उत्पादन थांबले ती मारुती ८००, अशा गाड्या आजही कित्येक कुटुंबांनी जिव्हाळ्याने जपलेल्या आहेत; त्यांचा कोरा डॅशबोर्ड मिळणे दुरापास्त, आणि जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जो मिळतो त्यानेही आपल्या गाडीतल्याइतकेच उन्हाळे सोसलेले असतात. तेव्हा आहे तोच डॅशबोर्ड नीट करून घेणे हा शहाणपणाचा मार्ग होय, आणि तो सामान्य हत्यारांनिशी घरच्या अंगणात साध्य होण्यासारखा आहे. मात्र एक गोष्ट प्रारंभीच मनाशी पक्की केली पाहिजे, ती ही की या कामात चार आणे काम रंगाचे आणि बारा आणे काम पूर्वतयारीचे असते. ज्याने धुणे, घासणे आणि वाळविणे यांत कसर केली, त्याचा रंग कितीही उंची असला तरी पहिल्या वैशाखात पापुद्रे धरून सुटतो.

डॅशबोर्ड खराब का होतो, हे एकदा समजले म्हणजे पुढील प्रत्येक कृतीचे मर्म आपोआप उलगडते. गुबगुबीत डॅशबोर्डाचे वरचे कातडे बहुधा पॉलीव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकचे असते, त्याखाली पॉलियुरेथेनचा फोम आणि त्याखाली पत्र्याचा अथवा कठीण प्लास्टिकचा सांगाडा असतो. हे पॉलीव्हिनाइल क्लोराइड स्वभावतः कठीण असून त्यात मिसळलेल्या मार्दवकारी तेलसदृश द्रव्यांमुळेच ते मऊ राहते. कडक उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो, आणि अशा तापाने ती द्रव्ये हळूहळू उडून जातात. पुढच्या काचेच्या आतल्या अंगावर जी तेलकट साय धरते, तिच्यात त्यांचाच अंश असतो. मार्दव गेलेले कातडे आकसते, ताटात वाळत घातलेल्या आंब्याच्या साठाच्या कडा जशा वर वळतात तशा त्याच्या कडा वळू लागतात, आणि जेथे ताण अधिक, म्हणजे हवेच्या झरोक्यांच्या कोपऱ्यांशी व काचेलगत, तेथे ते प्रथम फाटते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात: एक, तडकलेल्या कातड्यात भरलेला मसाला कातड्याबरोबर हलणारा हवा; आणि दोन, दुरुस्तीनंतर गाडी उन्हापासून राखली नाही, तर केलेले श्रम अल्पायुषी ठरतात.

प्रत्यक्ष कामास हात घालण्यापूर्वी, आपल्या डॅशबोर्डात एअरबॅग आहे किंवा नाही याची खात्री करून घेणे ही सर्वांत महत्त्वाची खबरदारी आहे, आणि तिच्याविषयी कोणतीही सवलत मागू नये. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून बाजारात येणाऱ्या नव्या नमुन्यांत शेजारच्या प्रवाशाचीही. परंतु त्याआधीच्या अनेक गाड्यांतही ती बसविलेली आढळते. चालकाची एअरबॅग सुकाणूच्या चक्रात असते, शेजारच्या प्रवाशाची मात्र डॅशबोर्डातच असते, आणि डाव्या बाजूस कोरलेली ‘एसआरएस एअरबॅग’ ही अक्षरे तिची खूण होय. तिचे झाकण पुष्कळदा वरून दिसतही नाही. कातड्याच्या मागील अंगाने एक नाजूक रेषा मुद्दाम क्षीण करून ठेवलेली असते आणि अपघाताच्या क्षणी ते कातडे त्या रेषेवर फाटून पिशवी बाहेर येते. त्या रेषेवर लांबी भरली, जाड रंग चढविला किंवा रेग्झिन चिकटविले, तर झाकण उघडण्यास विलंब होईल अथवा वाळलेल्या मसाल्याचे तुकडे प्रवाशाच्या तोंडावर उडतील. म्हणून ज्या डॅशबोर्डात एअरबॅग आहे, त्याच्या त्या भागावर पुसण्यापलीकडे काहीही करू नये, आणि तो सोडविण्याचा प्रसंगच आला, तर ते काम कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेकडे सोपवावे. पुढील विवेचन एअरबॅग नसलेल्या गाड्यांच्या मालकांना उद्देशून आहे.

आता डॅशबोर्ड कशाचा बनलेला आहे, हे ओळखावे. जुन्या फियाटसारख्या गाड्यांत तो रंगविलेल्या पत्र्याचा असे, आणि पत्र्याची दुरुस्ती ही दारा-बॉनेटच्या दुरुस्तीसारखीच असल्याने तिच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही: गंज खरडावा, अस्तर द्यावे, नेहमीची लांबी भरावी आणि रंगवावे. कठीण प्लास्टिकचा डॅशबोर्ड बोटाने दाबल्यास दबत नाही. त्याच्या मागील बाजूस रोमन अक्षरांत ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ असा ठसा बहुधा सापडतो, आणि तो ठसा शोधण्याचे कष्ट अवश्य घ्यावेत, कारण पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्यावर डिंक आणि रंग यांपैकी काहीच सहजासहजी ठरत नाही, तर एबीएस दोन्हींचा सुखाने स्वीकार करते. दाबताच दबणारा आणि वर कातड्यासारखी कणी असलेला तो फोमचा. याखेरीज एक चौथा प्रकार अलीकडे पुष्कळ दिसू लागला आहे. स्पर्शाला मखमली वाटावे म्हणून कठीण प्लास्टिकवर पॉलियुरेथेनचा एक मऊ लेप दिलेला असतो, आणि दमट हवेत काही वर्षांनी तो लेप विघटन पावून चिकट होतो. त्यावर धूळ बसते, बोटांचे ठसे उमटतात, आणि कितीही धुतले तरी तो सुधारत नाही. कोकणपट्टीतील गाडीमालकांना हा उपद्रव परिचित असेल. त्यावर लेप काढून टाकणे हाच उपाय आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजविलेले फडके थोडा वेळ दाबून धरावे आणि मग सुटलेला थर चिकाटीने पुसून काढावा. खालचे प्लास्टिक बहुधा इतके नीटनेटके निघते की रंगाची गरजही पडत नाही.

डॅशबोर्ड गाडीतून काढून काम करणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु वायरींचा गुंता पाहून ज्यांचे धैर्य होत नाही, त्यांनी केवळ वरचा सुटा भाग, झरोके, घड्याळांची चौकट आणि खण एवढे काढले तरी चालेल. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. प्रत्येक जोडणीचे सोडविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, आणि स्क्रू निरनिराळ्या लिफाफ्यांत घालून लिफाफ्यावर ते कोठले याची नोंद करावी. लहान-मोठ्या स्क्रूंची अदलाबदल होऊन लांब स्क्रू भलत्या ठिकाणी बसला, तर तो वरचा पृष्ठभाग फोडून बाहेर येतो. जो भाग गाडीतच राहील, त्याच्या भोवतालची काच, सुकाणू, आसने आणि विशेषतः काचेवर वारा सोडणारे झरोके मास्किंग टेप व कागद यांनी काटेकोर बंद करावेत. घड्याळांवरील पारदर्शक प्लास्टिक अल्कोहोल आणि थिनर यांनी धुरकट होते, त्याला आधी झाकावे. चासी क्रमांकाची पट्टी डॅशबोर्डावर असेल, तर तिच्यावर रंगाचा थेंबही पडता कामा नये.

यानंतरचे काम धुण्याचे, आणि त्यावर मी वाचकांचा सर्वाधिक वेळ मागतो. बाजारात डॅशबोर्ड चकचकीत करणारे जे पॉलिश मिळते, त्यात बहुधा सिलिकोन असते, आणि वर्षानुवर्षे ते चोळलेल्या पृष्ठभागाच्या कणीकणीत मुरून बसते. अशा पृष्ठभागावर फवारलेला रंग लहान लहान वर्तुळांनी मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यांसारख्या खळ्या पडतात. प्रथम कोमट पाण्यात सौम्य साबण घालून, मऊ ब्रशने, कणीच्या खाचांतून फेस फिरवीत, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. वाळल्यावर बिनतंतूच्या फडक्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकाच दिशेने पुसावे आणि फडके वारंवार बदलावे, नाहीतर एका जागेचे सिलिकोन दुसऱ्या जागी नेऊन ठेवण्यापलीकडे काही साधत नाही. शुद्धीची परीक्षा सोपी आहे: पृष्ठभागावर पाणी शिंपडले असता ते सलग पसरले तर काम झाले, आणि थेंब थेंब होऊन राहिले तर पुन्हा आरंभापासून. पेट्रोल, रॉकेल, ॲसिटोन आणि नायट्रो-सेल्युलोज थिनर यांपैकी कशालाही या टप्प्यावर स्थान नाही. ॲसिटोन तर एबीएसला विरघळविते. बहुतेक महाराष्ट्रीय गाड्यांत डॅशबोर्डावर गणपतीची मूर्ती दुहेरी चिकटपट्टीने बसविलेली असते; ती ओरबाडून काढू नये, तर केस वाळविण्याच्या यंत्राने पट्टी ऊन करावी आणि मूर्तीच्या बुडाशी मजबूत दोरा करवतीसारखा चालवून ती आदराने वेगळी करावी. हळदीचा डाग उन्हाने आपोआप फिका पडतो, त्यासाठी जोर लावून कणी झिजविण्याचे प्रयोजन नाही.

भेगांच्या बाबतीत कठीण प्लास्टिक आणि फोम यांचे मार्ग भिन्न आहेत. कठीण प्लास्टिकमधील भेग पुढे सरकत जाते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांशी २ ते ३ मिलिमीटरचे बारीक भोक पाडावे. तेथे ताण विखुरतो आणि भेग थांबते. एबीएस असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली दाट खळ भेगेत भरावी, म्हणजे भेग भरते इतकेच नव्हे तर दोन्ही कडा एकजीव होतात. पॉलिप्रॉपिलीनला डिंकाचा मोह टाळून, सोल्डरिंगच्या तापविलेल्या टोकाने त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून सांधावे. दोन्ही प्रकारांत मागील अंगाला आधार द्यावा. एबीएसच्या पाठीशी काचतंतूंच्या जाळीचा तुकडा एपॉक्सीने बसविला, तर तो सांधा भोवतालच्या प्लास्टिकहूनही बळकट होतो, आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पाठीशी पोलादी जाळी तापवून प्लास्टिकमध्ये रुतवावी.

फोमच्या डॅशबोर्डात भेगेच्या कडा वर उचललेल्या असतात, त्या प्रथम बेताच्या उष्णतेने मऊ करून आणि दाबून जागेवर बसतात का ते पाहावे; बसत नसतील तर धारदार चाकूने भेगेच्या दोन्ही कडा तिरकस छाटून एक उतरती खाच करावी, कारण उभ्या कडेला मसाला धरत नाही. आतला फोम पीठ झालेला असेल तर तो निष्ठुरपणे काढून टाकावा, आणि पोकळी मोठी असल्यास डब्यातून मिळणारा, फुगणारा पॉलियुरेथेन फोम अगदी थोडा भरावा. तो पुष्कळ फुगतो, आणि दुसऱ्या दिवशी पृष्ठभागाच्या ३ मिलिमीटर खालपर्यंत कापून घ्यावा लागतो. उरलेली खोली प्लास्टिकसाठी बनविलेल्या, दोन भागांच्या लवचीक मसाल्याने भरावी. येथे एक ठाम सूचना करणे मला आवश्यक वाटते. घराघरांत असलेले एमसील, आणि रंगाऱ्याची पॉलिएस्टरची लांबी, ही दोन्ही फोमच्या डॅशबोर्डावर पूर्णतः वर्ज्य मानावीत. प्लास्टिक उष्णतेने पोलादाच्या कित्येक पटींनी प्रसरण पावते, कातडे ताणले जाते, आणि हे कठीण मसाले मात्र जागचे हलत नाहीत. परिणामी भेग बुजते, पण तिच्या दोहो बाजूंना दोन नव्या भेगा पडतात. लवचीक मसाला महाग असतो आणि तो शोधावा लागतो, तरी त्यावाचून हे काम हाती घेण्यात अर्थ नाही.

मसाला पुरता वाळल्यावर तो प्रथम १८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, मग २४० व अखेरीस ३२० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, कागद सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासावा आणि त्याची कड आसमंतातील कातड्यात इतकी विरत न्यावी की डोळे मिटून बोट फिरविले असता जोड लागू नये. डोळा या परीक्षेत फसतो, बोट फसत नाही.

घासलेली जागा गुळगुळीत होते आणि भोवतालच्या कणीत ती चंद्रकोरीसारखी उघडी पडते, ही नवशिक्याची मोठी निराशा असते. तिच्यावर एक सुंदर उपाय आहे. डॅशबोर्डाच्या शाबूत, नजरेआड असलेल्या कोपऱ्यावर साचे करण्याचे सिलिकोन रबर ओतून त्या कणीचा ठसा आधीच काढून ठेवावा, आणि भेगेवरील मसाल्याचा अखेरचा पातळ हात अर्धवट वाळत आला असता तो ठसा त्यावर दाबून धरावा. मूळ कणी बेमालूम उमटते. नंतर सिलिकोनचा अंश अल्कोहोलने पुसण्यास मात्र विसरू नये. ज्यांना एवढी खटपट नको, त्यांच्यासाठी कणीदार फवारा डब्यात मिळतो. तो सर्व वरच्या पृष्ठभागावर सारखा मारावा, केवळ डागडुजीच्या जागेवर नव्हे.

रंगकामासाठी हंगाम पाहावा. मुंबई-रत्नागिरीकडे आषाढ-श्रावणात हवेतील बाष्पामुळे ताजा रंग पांढुरका पडतो, आणि विदर्भातील मे महिन्यात तो पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच अर्धा सुकून खरखरीत बसतो. दिवाळीनंतरपासून फाल्गुनापर्यंतची कोरडी, निवांत हवा या कामास सर्वोत्तम. पॉलिप्रॉपिलीनवर रंग देण्यापूर्वी त्याला आसंजन देणारा जो पारदर्शक प्रायमर असतो, तो एक पातळ हात द्यावा आणि डब्यावर लिहिलेल्या मुदतीतच त्यावर रंग चढवावा. ती मुदत टळली तर हात पुन्हा द्यावा लागतो. रंग व्हायनिल आणि प्लास्टिक यांसाठीचाच घ्यावा. दारे-खिडक्यांचा ऑइल पेंट येथे चालत नाही, कारण तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि चकाकतो. डबा दोन मिनिटे हलवून, २५ ते ३० सेंटीमीटर अंतरावरून, हात पृष्ठभागाबाहेर सुरू करून पृष्ठभागाबाहेरच थांबवीत, इतके पातळ हात द्यावेत की पहिल्या हातानंतर खालचा रंग अजून दिसत राहील. दोन हातांत १० ते १५ मिनिटांचे अंतर ठेवावे, आणि तीन किंवा चार हातांत काम पुरे होते. एकाच जाड हाताने कणी बुजते आणि ओघळ येतात.

रंगाची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. डॅशबोर्डाचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते, आणि मध्यान्ही समोरून ऊन असता फिकट किंवा चकचकीत डॅशबोर्ड काचेवर असा पडदा धरतो की रस्त्यावरील माणूस दिसण्यास क्षणभर उशीर होतो. म्हणून गडद करडा किंवा काळा, आणि तोही निस्तेज, म्हणजे मॅट, असाच रंग घ्यावा. चकाकीची हौस इतरत्र कोठेही भागवावी.

या रंगांची वाफ ज्वलनशील आणि प्रकृतीस घातक असते. काम मोकळ्या हवेत करावे. सदनिकेच्या गॅलरीत करावयाचे असल्यास स्वयंपाकघरातील शेगडी आणि देवघरातील समई-उदबत्ती त्या वेळेपुरती शांत करावी, आणि मुलांना व वृद्धांना दूर ठेवावे. नाकाला रुमाल बांधल्याने वाफ अडत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणारी डबी असलेला मुखवटा लागतो. ज्या दोन भागांच्या रंगांत आयसोसायनेट असते, ते घरी मुळीच फवारू नयेत.

तडे फार असतील, तर रेग्झिन चढविणे हा पर्याय उरतो, आणि आसनांची कव्हरे शिवणारे कारागीर तो वाजवी मोबदल्यात करून देतात. घरी करणाराने भेगा आधी भरून सपाटी साधावी, कारण रेग्झिनखालून प्रत्येक उंचवटा दिसतो. चिकटद्रव्य दोन्ही अंगांना लावून बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत थांबावे, आणि कापड ऊन करून मधून कडेकडे ओढीत बसवावे. येथे उष्णता सोसणारेच चिकटद्रव्य घ्यावे. साधे रबरी द्रव्य काचेलगतच्या भागात उन्हाळ्यात सैल पडते आणि रेग्झिन फुगून उठते. माझे मत विचाराल, तर दोन-चार भेगांसाठी रेग्झिन चढवू नये. रंगाचे काम पुढे कधीही पुन्हा करता येते, चिकटविलेले रेग्झिन काढताना मात्र मूळ कातडेही निघून येते.

रंगलेले भाग २४ तास तरी धूळरहित जागी वाळू द्यावेत आणि मगच गाडीत बसवावेत. रंग पुरता पक्का होण्यास सुमारे एक आठवडा लागतो, तोवर काचा बोटभर उघड्या ठेवून गाडी सावलीत उभी करावी आणि डॅशबोर्डावर काही ठेवू नये. पुढे निगा राखण्यास ओले, घट्ट पिळलेले फडके पुरेसे आहे. गाडी उन्हात उभी करणे भाग पडेल तेव्हा पुढच्या काचेला आतून परावर्तक पडदा लावावा. सुगंधी द्रवाच्या बाटल्या डॅशबोर्डावर ठेवण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी, कारण त्या द्रवाचे सांडलेले थेंब रंगाला आणि प्लास्टिकला कायमचे मऊ करून डाग पाडतात. उरलेला रंग टाकून देऊ नका; डब्यावर छटेचे नाव आणि तारीख लिहून तो थंड जागी, मुलांच्या हातापासून दूर ठेवा, कारण पुढे कधी लहानसा ओरखडा पडला, तर दुसऱ्या डब्यातील रंग याच छटेचा निघेल याची शाश्वती नसते.